हसमुख धीरजलाल सांकलिया

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया (१० डिसेंबर, इ.स. १९०८, मुंबई – २८ जानेवारी, इ.स. १९८९, पुणे) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ, प्रागितिहासाचे अभ्यासक आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील प्राध्यापक होते. महाराष्ट्रातील अश्मयुग आणि ताम्रपाषाणयुग यांचे शास्त्रशुद्ध संशोधन त्यांच्या कार्यातून उभे राहिले. जोर्वे, नाशिक, नेवासे, इनामगाव, मध्य प्रदेशातील महेश्वर-नावडातोली आणि गुजरातमधील लांघणज ही त्यांच्या नावाशी जोडलेली प्रमुख उत्खननस्थळे होत. रंगीत खापरे, मातीच्या मूर्ती व दफने यांच्या आधारे प्राचीन लोकांच्या श्रद्धा आणि कथा यांपर्यंत कसे पोहोचता येईल, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासात अखेरपर्यंत राहिला. रामायण आणि पुराणे यांतील वर्णने उत्खननातील पुराव्याशी ताडून पाहणारे ते आरंभीच्या भारतीय संशोधकांपैकी एक होते.

जन्म आणि शिक्षण

सांकलिया यांचा जन्म मुंबईत वकिलांच्या गुजराती कुटुंबात झाला. त्यांचा जन्म अपुऱ्या दिवसांचा होता. प्रकृती इतकी नाजूक होती, की ते जगतील अशी आशा घरच्यांना नव्हती. शालेय वयात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या वाचनात आला आणि तेव्हापासून प्राचीन भारताचा अभ्यास करण्याची ओढ त्यांना लागली. त्यासाठी त्यांनी संस्कृत हा विषय निवडला. कुटुंबातील परंपरेप्रमाणे त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले. मात्र वकिली केली नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो इ.स. १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे ते लंडनला गेले आणि गुजरातच्या पुरातत्त्वावरील प्रबंधासाठी इ.स. १९३७ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात प्रत्यक्ष काम केले. जमिनीतील थर वेगळे ओळखणे, प्रत्येक वस्तूची नोंद तिच्या थरानुसार करणे आणि किरकोळ वाटणारे खापरही न टाकणे, ही व्हीलर यांच्या पद्धतीची शिस्त त्यांनी तेथे आत्मसात केली. व्हीलर स्वतः इ.स. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून भारतात आले. त्यापूर्वीच सांकलिया पुण्यात कामाला लागले होते.

डेक्कन कॉलेज

इ.स. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज इ.स. १९३९ मध्ये पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. समाजशास्त्रज्ञ व मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे हे त्यांचे तेथील सहकारी होते. नव्या विभागाजवळ साधने फार थोडी होती. सांकलिया यांनी पुण्याच्या आसपासच्या महापाषाणीय अवशेषांपासून सुरुवात केली आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नदीकाठ, टेकड्या व जुनी देवळे यांची पाहणी करण्याची प्रथा घालून दिली.

इ.स. १९४१ मध्ये त्यांनी गुजरातमध्ये प्रागैतिहासिक शोधमोहीम काढली. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात साबरमतीच्या खोऱ्यात केलेल्या नोंदींची फेरतपासणी हा तिचा उद्देश होता. या मोहिमांतून लांघणज हे स्थळ प्रकाशात आले. तेथील वाळूच्या टेकाडात सूक्ष्मास्त्रे आणि मानवी सांगाडे सापडले. सांगाड्यांच्या अभ्यासात इरावती कर्वे यांचा सहभाग होता.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आदिमानवाची वस्ती नसावी, असा समज त्या काळी रूढ होता; हत्यारांसाठी लागणारा गारगोटीसारखा कठीण दगड येथे विपुल नाही, हे त्याचे कारण दिले जाई. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर परिसरात गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून दगडी हत्यारे शोधून हा समज दूर केला. गोदावरीकाठच्या या हत्यारांवरील त्यांचे पुस्तक इ.स. १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्रह्मपुरी आणि पोसायडन

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे इ.स. १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहान मूर्ती होती. पोसायडन हा झ्यूसचा भाऊ. ग्रीक कथांमध्ये तो हाती त्रिशूळ घेऊन समुद्र खवळवतो आणि धरणीकंप घडवतो. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर असलेल्या कोल्हापुरात हा देव रोमन व्यापाराबरोबर पोहोचला होता. ही मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

सांकलिया आणि मोरेश्वर गं. दीक्षित यांनी इ.स. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीचे पद्धतशीर उत्खनन केले. त्याचा अहवाल इ.स. १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन विटांची घरे आणि त्यांवरील बहमनी काळापर्यंतची वस्ती यांचा क्रम त्यातून स्पष्ट झाला. सुटी सापडलेली मूर्ती कुतूहलाचा विषय होते. तीच वस्तू थरासह सापडली की इतिहासाचा पुरावा होते, हे महाराष्ट्रात प्रथमच इतक्या ठळकपणे दिसले.

जोर्वे आणि नेवासे

संगमनेर तालुक्यातील प्रवरेच्या काठच्या जोर्वे गावी इ.स. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि विशिष्ट प्रकारची रंगीत मृद्भांडी मिळाली. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी, चांगली भाजणी, टिचकी मारली असता धातूसारखा येणारा आवाज, तोटीची भांडी आणि कंगोरेदार वाडगे ही या मृद्भांड्यांची लक्षणे होत. पुढे महाराष्ट्रात अशी भांडी अनेक ठिकाणी सापडली आणि त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. १४०० ते इ.स.पू. ७०० असा मानतात. लिखित इतिहासाच्या आधी महाराष्ट्रात शेती करणारी, गुरे पाळणारी, स्थिर गावांत राहणारी माणसे होती, हे जोर्वेमुळे निश्चित झाले.

ज्ञानेश्वरांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेल्या नेवासे येथे इ.स. १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. त्याचा अहवाल इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गावाच्या परिसरात पुराश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगीन वस्ती, सातवाहनकालीन घरे आणि मराठेशाहीपर्यंतचे अवशेष मिळाले. सातवाहन थरांत भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून मद्य वा तेल भरून आलेल्या दुमुठी कुंभांची, म्हणजे अँफोरांची, खापरे होती. ताम्रपाषाणयुगीन थरांत घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने आढळली. दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत मुलाच्या अस्थी, असे त्यांचे स्वरूप होते. एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. रोजच्या वापरातील भांडे मृत मुलाचे निवासस्थान का झाले असावे, या प्रश्नाने सांकलिया यांचे लक्ष भांड्यांच्या घडणीवरून त्यांमागील श्रद्धेकडे वळले.

रंगीत खापरे आणि पुराणकथा

प्राचीन ग्रीसमध्ये भांड्यांवरील चित्रे हा पुराणकथांचा महत्त्वाचा पुरावा आहे. इ.स.पू. सहाव्या व पाचव्या शतकांत अथेन्सच्या कुंभारांनी आणि चित्रकारांनी प्रथम लाल पृष्ठभागावर काळ्या आकृती आणि पुढे काळ्या पृष्ठभागावर लाल आकृती काढल्या. इ.स.पू. ५७० च्या सुमारास घडवलेल्या आणि फ्रांस्वा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्यकुंभावर दोनशेहून अधिक आकृती आहेत. त्यावर कुंभार एर्गोटिमॉस व चित्रकार क्लायटिअस यांची नावे आहेतच. शिवाय अनेक पात्रांजवळ त्यांची नावे लिहिलेली आहेत. एक्सेकिअस या चित्रकाराने अकिलिस आणि एजॅक्स हे वीर युद्धातून उसंत काढून पटावर खेळताना दाखवले. हे दृश्य होमरच्या उपलब्ध काव्यात नाही. त्यामुळे ग्रीक कथा कोणत्या काळी कोणत्या रूपात प्रचलित होती, हे ग्रंथाबरोबर भांड्यांवरूनही ठरवता येते.

भारतातील ताम्रपाषाणयुगीन भांडी यांपैकी बऱ्याच ग्रीक भांड्यांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी आहेत. परंतु त्यांवर अक्षरे नाहीत. चित्रातील पात्र कोण, हे सांगणारे नाव नाही आणि त्या काळचा समांतर ग्रंथही उपलब्ध नाही. सांकलिया यांच्यापुढील मुख्य अडचण हीच होती. जोर्वे मृद्भांड्यांवर बहुतांश भौमितिक नक्षी आहे, प्राण्यांच्या आकृती क्वचित दिसतात. माळवा मृद्भांड्यांवर मात्र हरिण, बैल, पक्षी आणि ओळीने नाचणारी माणसे आहेत.

माळवा मृद्भांड्यांचा सर्वांत मोठा साठा नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे मिळाला. समोरच्या तीरावरील महेश्वर हे पुराणांतील माहिष्मती, म्हणजे हैहय राजा कार्तवीर्य अर्जुनाची राजधानी, असे मानले जाते. तेथे इ.स. १९५२-५३ आणि इ.स. १९५७ ते १९५९ या काळात उत्खनन झाले. एका मोठ्या रांजणावर उठावात एक स्त्री, एक सरपटणारा प्राणी आणि त्यांच्यामध्ये देवळासारखी आकृती आढळली. हे पूजेचे दृश्य असावे, असे सांकलिया यांचे मत होते. तेथील पन्हाळीच्या तोटीचे वाडगे आणि पायाचे पेले यांचे इराणमधील भांड्यांशी असलेले साम्य त्यांनी दाखवले, आणि आर्यांच्या आगमनाशी किंवा पुराणांतील हैहयांशी या लोकांचा संबंध असू शकेल का, हा प्रश्न उपस्थित केला. कोळशाच्या नमुन्यांच्या कार्बन-१४ चाचण्यांमुळे ही वस्ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील असल्याचे ठरले. पुढील काळात बहुतेक अभ्यासकांनी माळवा संस्कृतीचे मूळ स्थानिक मानले आणि इराणी संबंधाचा तर्क मागे पडला. सांकलिया यांनी मृद्भांड्यांचे आकार, नक्षी व थर यांच्या तपशीलवार नोंदी प्रसिद्ध केल्या असल्यामुळेच ही फेरतपासणी शक्य झाली.

लज्जागौरी आणि बाउबो

इ.स. १९६० मध्ये सांकलिया यांनी नग्न देवतेच्या मूर्तींवर एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला. मराठवाड्यातील तेर व भोकरदन, तसेच दक्षिणेतील अनेक स्थळी उकिडव्या बसलेल्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या किंवा मस्तकच नसलेल्या स्त्रीमूर्ती मिळतात. ही देवता लज्जागौरी या नावाने ओळखली जाते. ग्रीक पुराणकथेत कन्येच्या विरहाने अन्नपाणी सोडलेल्या डिमीटर देवीला बाउबो नावाची स्त्री आपले अंग उघडे करून हसवते. बाउबोच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती आशिया मायनर आणि ईजिप्त येथे मिळाल्या आहेत. सातवाहन काळात रोमन व्यापार जोरात असताना ही कल्पना पश्चिमेकडून भारतात आली असावी, असे सांकलिया यांनी मांडले.

रा. चिं. ढेरे यांनी आपल्या लज्जागौरी (इ.स. १९७८) या ग्रंथात या देवतेचा विचार रेणुका, यल्लम्मा, वारूळ आणि सर्जनशील भूमी यांच्या देशी परंपरेच्या आधारे केला. इनामगावच्या उत्खननात मिळालेल्या मस्तकहीन स्त्रीमूर्तीमुळे मस्तकहीन देवीची कल्पना महाराष्ट्रात रोमन व्यापाराच्या कित्येक शतके आधीपासून होती, या मताला बळकटी आली. हे उत्खनन सांकलिया यांच्याच संस्थेने आणि त्यांच्या सहभागाने केले होते.

इनामगाव

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे इ.स. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी उत्खनन केले. एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके मोठे आणि सलग उत्खनन महाराष्ट्रात पूर्वी झाले नव्हते. इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट आणि कुंभाराची भट्टी यांवरून गावाची रचना समजली. सुरुवातीची चौकोनी प्रशस्त घरे शेवटच्या काळात लहान गोल झोपड्यांत बदललेली दिसतात. पर्जन्यमान घटून शेती खालावली, असे त्याचे कारण देण्यात आले.

येथील प्रौढांच्या दफनांत पावले घोट्याखाली तोडलेली असत. मृत व्यक्तीने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी. एका दफनात मात्र चार पायांच्या, उदरासारख्या फुगीर मातीच्या रांजणात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरला होता आणि त्याची पावले अखंड होती. त्याच्याबरोबर ठेवलेल्या भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. परलोकीच्या प्रवासाची कल्पना त्या चित्रात असावी, असा अर्थ लावण्यात आला. ही नाव म्हणजे महाराष्ट्राच्या रंगीत मृद्भांड्यांवर एखाद्या कथेच्या अगदी जवळ जाणारे चित्र होय. मात्र ती कथा सांगणारे शब्द टिकलेले नाहीत. दुसऱ्या एका घरात मातीच्या डबीत मस्तकहीन स्त्रीमूर्ती ठेवलेली होती आणि तिच्याबरोबर एक मस्तक असलेली स्त्रीमूर्ती व एक बैल होता. मस्तकहीन मूर्ती बैलाच्या पाठीवरील छिद्रात काडीने बसवता येत असे. इनामगावचा अहवाल इ.स. १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

रामायणविषयक संशोधन

होमरच्या काव्याच्या आधारे हाइन्रिख श्लीमान यांनी एकोणिसाव्या शतकात ट्रॉयचा शोध घेतला. भारतात ब्र. बा. लाल यांनी इ.स. १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर येथे उत्खनन करून चित्रित करड्या मृद्भांड्यांचा संबंध महाभारताशी जोडला. सांकलिया यांनी रामायणाचा विचार इ.स. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात केला. इ.स. १९८२ मध्ये त्यांनी याच विषयावर दुसरे पुस्तक लिहिले.

रामकथेचा गाभा जुना असून वाल्मीकी रामायणाचे उपलब्ध रूप अनेक शतकांच्या भरीतून तयार झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. मजल्यांचे प्रासाद आणि संपन्न नगरे यांची वर्णने उत्खननातील कोणत्या काळाच्या थराशी जुळतात, ही कसोटी त्यांनी वापरली. हनुमान सीतेला देतो त्या नाम कोरलेल्या अंगठीचा उल्लेखही त्यांनी याच कसोटीवर तपासला. अशा नाममुद्रा भारतात ग्रीकांच्या संपर्कानंतर रूढ झाल्या, म्हणून तो भाग उत्तरकालीन ठरतो, असे त्यांनी दाखवले. शाल वृक्षांची वर्णने आणि गोंड परंपरा यांच्या आधारे त्यांनी मूळ लंका सिंहलद्वीपात नसून मध्य भारतात असावी, असे मत मांडले.

या लेखनाने दोन्ही बाजूंनी आक्षेप ओढवून घेतले. श्रद्धावान वाचकांना ग्रंथाची अशी चिरफाड मान्य नव्हती, तर महाकाव्यातील स्थळे प्रत्यक्ष नकाशावर शोधणेच अप्रस्तुत आहे, असे काही इतिहासकारांना वाटत होते. लंकेविषयीच्या मताला अभ्यासकांत सर्वसाधारण मान्यता मिळाली नाही. ग्रंथातील वर्णन आणि जमिनीतील पुरावा स्वतंत्रपणे तपासून मगच त्यांची तुलना करावी, ही त्यांची पद्धत मात्र पुढील चर्चेत कायम राहिली.

मराठवाड्यातील पुढील संशोधन

सांकलिया यांनी घडवलेल्या संशोधकांनी गोदावरी खोऱ्यात हे काम पुढे नेले. पैठणजवळील आपेगाव येथे देव, ढवळीकर आणि अन्सारी यांनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे इ.स. १९७० च्या दशकात शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले. तेथील सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. परतूर, मंठा या तालुक्यांतून वाहणाऱ्या दुधना-पूर्णेच्या काठी, तसेच मराठवाड्यात इतरत्र, जुन्या वस्तीच्या राखाडी मातीला पांढरी म्हणतात. शेतीसाठी खत म्हणून ही माती उचलली जाते आणि तिच्याबरोबर खापरेही नाहीशी होतात. थर एकदा विस्कटला, की खापर कोणत्या काळाचे हे सांगण्याचा आधार जातो. सांकलिया यांच्या पद्धतीचा हा सर्वांत व्यवहारी धडा होय.

निवृत्ती, सन्मान आणि मृत्यू

सांकलिया इ.स. १९७३ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरही त्यांचे लेखन आणि संशोधन चालू राहिले. इ.स. १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांचे आत्मचरित्र इ.स. १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. शां. भा. देव, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर, वी. ना. मिश्र, बी. सुब्बाराव आणि क. पद्दय्या हे त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांपैकी नामवंत पुरातत्त्वज्ञ होत. २८ जानेवारी, इ.स. १९८९ रोजी पुणे येथे सांकलिया यांचे निधन झाले.

ग्रंथसंपदा

* द युनिव्हर्सिटी ऑफ नालंदा (इ.स. १९३४)
* द आर्किऑलॉजी ऑफ गुजरात (इ.स. १९४१)
* द गोदावरी पॅलिओलिथिक इंडस्ट्री (इ.स. १९५२)
* फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा (इ.स. १९६०, सहलेखकांसह)
* रामायण : मिथ ऑर रिॲलिटी? (इ.स. १९७३)
* प्रीहिस्टरी अँड प्रोटोहिस्टरी ऑफ इंडिया अँड पाकिस्तान (सुधारित आवृत्ती इ.स. १९७४)
* महाराष्ट्रातील पुरातत्त्व (इ.स. १९७६, म. श्री. माटे यांच्यासह)
* बॉर्न फॉर आर्किऑलॉजी (आत्मचरित्र, इ.स. १९७८)
* प्रीहिस्टॉरिक आर्ट इन इंडिया (इ.स. १९७८)
* द रामायण इन हिस्टॉरिकल पर्स्पेक्टिव्ह (इ.स. १९८२)